तीन हजार शब्द पाठ आहेत, मग मेल लिहिताना एकही का आठवत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही घोटाळा झाला असेल तर लगेच लक्षात येईल. तुमचं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं. आता ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत आहात, रोज ठाण्याहून लोकलने जाता. पुढच्या वर्षी जीआरई, म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणासाठीची प्रवेशपरीक्षा, द्यायची आहे आणि ऑफिसात परदेशी क्लायंटला मेल लिहावे लागतात. दीड वर्षात दोन जाड रजिस्टरं भरून तीन हजार ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ शब्द उतरवलेत. डावीकडे शब्द, उजवीकडे डिक्शनरीतली व्याख्या, खाली मराठी अर्थ. कुणी विचारलं तर अर्थ धडाधड सांगता येतो. पण मेल लिहायला बसलं की पुन्हा तेच ‘गुड’, ‘बिग’, ‘प्रॉब्लेम’ आणि ‘डू द नीडफुल’. आणि तुम्ही विचारता, आता कुठली यादी घेऊ?

यादी आता कुठलीच घेऊ नका. मी ठाण्याच्या नौपाड्यात 22 वर्षं इंग्रजी शिकवते. येणारी बहुतेक मुलं तुमच्यासारखी मराठी माध्यमातली, मीही त्यातलीच. असली रजिस्टरं मी ढिगानं पाहिली आहेत, एक माझ्याही माळ्यावर पडलंय. तुमच्या मेहनतीत खोट नाही. फक्त तुम्ही तीन हजार वेळा दुसऱ्यानं केलेली व्याख्या उतरवून घेतलीत, स्वतः एकदाही केली नाहीत. माझा सगळा भर या एकाच गोष्टीवर आहे: व्याख्या आधी आपण करायची, चुकायची, आणि मग डिक्शनरीशी ताडून पाहायची. पाठ करायचं त्यात फार थोडं उरतं.

हे पटावं म्हणून मी नव्या बॅचला पहिल्या दिवशी एकही इंग्रजी शब्द देत नाही. फळ्यावर लिहिते, ‘रुसणे’. आणि सांगते, ज्याला मराठीचा गंध नाही अशा माणसाला हे इंग्रजीत समजावून द्या. पहिला हात वर होतो आणि उत्तर येतं, ‘टु बी अँग्री’. मी म्हणते, रिक्षावाल्यानं जास्त पैसे मागितले तर तुम्ही त्याच्यावर रुसता का? वर्ग हसतो. म्हणजे रुसायला माणूस आपला लागतो. मग कुणी म्हणतं, न बोलता रागावणं. पण घरात भांडण होऊन दोन भाऊ दहा वर्षं बोलत नाहीत, ते काही रुसलेले नसतात. म्हणजे रुसवा थोड्या वेळाचा असतो. मग मागच्या बाकावरची एखादी मुलगी हळूच म्हणते, समोरच्यानं येऊन समजूत काढावी अशी त्यात आशा असते. झालं! आता त्या चारही गोष्टी एका वाक्यात गुंफा: आपल्या माणसावर, त्यानं आपली मनधरणी करावी या अपेक्षेनं, थोडा वेळ रागानं अबोला धरणं. इंग्रजीतला ‘सल्क’ याच्या जवळ जातो, पण मनधरणीची ती आशा त्यात येईलच असं नाही.

यात पाऊण तास जातो. पण तेवढ्यात मुलांना कळतं की शब्दाच्या पोटात काय काय असतं. कोण करतं, कुणाशी करतं, का करतं, आणि बोलणाऱ्याला ते आवडतंय की नाही. ‘रुसणे’ बरोबर वापरायला तुम्हाला कुणी व्याख्या शिकवली नाही, कारण हे सगळं तुम्ही लहानपणापासून पाहत आलात. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत ते पाहणं राहून गेलंय. ते मुद्दाम करावं लागतं.

चूक नेमकी कुठे होते हे सांगायला आपल्याच न्यायशास्त्रातले, म्हणजे कोर्टाच्या नव्हे, जुन्या तर्कशास्त्रातले, दोन शब्द कामाला येतात. गाईची व्याख्या ‘शिंगं असलेला प्राणी’ अशी केली तर त्यात म्हैसही येते, ही अतिव्याप्ती. ‘तांबूस रंगाचा प्राणी’ म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. तिसरा दोष असंभव, म्हणजे सांगितलेलं लक्षण त्या वस्तूत कुठेच नसतं. गाईला एकसंध खूर असतो म्हणण्यासारखं. तुमच्या रजिस्टरातला मराठी अर्थाचा रकाना बव्हंशी अतिव्याप्तीनं भरलेला असणार, हे मी न बघता सांगते.

‘मिटिगेट’ घ्या. रजिस्टरात लिहिलेलं असतं ‘कमी करणे’. माझ्या एका विद्यार्थ्यानं त्याच जोरावर वाक्य केलं की मी जिममध्ये जाऊन वजन मिटिगेट केलं. व्याख्या त्याला तोंडपाठ होती. ती नीट वाचली असती तर दिसलं असतं की तिथे नुसतं ‘कमी करणे’ नसतं. एखाद्या गोष्टीचं वाईटपण, धोका, तीव्रता किंवा नुकसान कमी करणं, असं असतं. म्हणजे या क्रियापदाला कर्म लागतं ते वाईट गोष्टीचं. पुराचा फटका मिटिगेट होतो, प्रोजेक्टमधली जोखीम मिटिगेट होते. वजन, किंमत, मिठाचं प्रमाण होत नाही.

‘कम्प्लेसंट’चं उदाहरण तर मला अजून आठवतं. एका मुलीनं निबंधात आपल्या आजीचं वर्णन केलं होतं. चाळीतलं आयुष्य, दोन लुगडी, कधी कसली तक्रार नाही. आणि शेवटी, माझी आजी अत्यंत कम्प्लेसंट बाई होती. यादीत अर्थ होता ‘समाधानी’. बिचारीला वाटलं, आजीला याहून मोठा शब्द कुठला द्यायचा! पण आहे त्यात इतकं खूश असणं की सुधारायची गरजच वाटू नये, धोका दिसत असूनही गाफील राहणं, हे कम्प्लेसंट. बहुतेक विद्यार्थी-डिक्शनऱ्यांत तिथे ‘डिसअप्रूव्हिंग’ अशी बारीक खूण असते, म्हणजे शब्दात नापसंती आहे. आजीसाठी साधा ‘कंटेंट’ पुरेसा होता. ती बारीक, तिरप्या अक्षरातली खूण आपण सगळेच वगळतो. मी म्हणेन, व्याख्या नंतर वाचा, आधी ती खूण वाचा. ‘फॉर्मल’, ‘डेटेड’, ‘ह्यूमरस’, ‘लिटररी’ या खुणा म्हणजे शब्दाचा स्वभाव. तो माहीत नसेल तर शब्द वापरणं म्हणजे बारशाला जाऊन तेराव्याचे मंत्र म्हणण्यासारखं.

आता माझी एक फजिती सांगते. एका मुलानं क्लायंटला लिहिलेला मेल तपासायला आणला होता, त्यात होतं, ‘काइंडली कंडोन द डिले’. मी लाल शाई ओढली. ‘कंडोन’ म्हणजे चुकीच्या, नीतीला सोडून असलेल्या वागण्याकडे काणाडोळा करणं, आपल्या मराठीत चपखल शब्द आहे, खपवून घेणं. उशीर खपवून घ्या असं कुणी विनंती म्हणून लिहितं का? मी हे वर्गात ऐटीत सांगितलं. तर कोर्ट नाक्यावर एका वकिलांकडे काम करणारा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, मॅडम, आम्ही तर रोज हाच अर्ज टाइप करतो, ‘कंडोनेशन ऑफ डिले’. मला गप्प बसावं लागलं. त्याचं खरंच होतं. 1963 च्या मुदतीच्या कायद्यात कलम 5 आहे, त्याखाली मुदत उलटल्यावर आलेलं अपील कोर्ट दाखल करून घेऊ शकतं, आणि त्या विलंबमाफीला आपल्याकडे सर्रास हाच शब्द वापरतात. कोर्टात तो शंभर टक्के बरोबर. न्यू जर्सीतल्या क्लायंटला मात्र तो विचित्र वाटणार. तेव्हापासून मी मुलांना व्याख्येखाली एक ओळ जास्तीची लिहायला लावते: हा शब्द कुठे चालतो? कोर्टात, लॅबमध्ये, अग्रलेखात, की मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवर?

डिक्शनरी कुठली हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण अर्धं दुखणं तिथेच असतं. इंग्रज माणसासाठी लिहिलेली आणि शिकणाऱ्यासाठी लिहिलेली डिक्शनरी, या दोन वेगळ्या जाती. सॅम्युअल जॉन्सननं 1755 च्या त्याच्या प्रसिद्ध डिक्शनरीत ‘नेटवर्क’ म्हणजे जाळीचं काम, या साध्या शब्दाची व्याख्या करताना ‘रेटिक्युलेटेड’ आणि ‘डेकसेटेड’ असले शब्द घातले. जाळं कळायला आधी ते दोन शोधा! आजही फोनवर जी व्याख्या पहिली उसळून येते ती पुष्कळदा याच जातीची असते. अवघड शब्दाला अवघड शब्द, मग त्याला तिसरा, आणि फिरून पहिला.

यावर इलाज शोधला तो शिकवणाऱ्यांनी, आणि त्यातला एक महत्त्वाचा माणूस आपल्या उपखंडातच काम करत होता. मायकल वेस्ट तेव्हाच्या बंगालात, ढाक्यात, शिक्षकांना शिकवत असे. त्यानं 1935 साली काढलेल्या डिक्शनरीत सगळ्या व्याख्या मोजक्या 1,490 शब्दांत बसवल्या. पुढे जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबीनं तिथल्या विद्यार्थ्यांसाठी केलेली डिक्शनरी 1942 साली टोकियोत छापली गेली. आज जी ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स म्हणून ठाण्यातल्या कुठल्याही पुस्तकांच्या दुकानात मिळते ती हीच. लाँगमननं 1978 मध्ये व्याख्यांसाठी सुमारे दोन हजार शब्दांची मर्यादा घालून घेतली. आणि 1987 मध्ये कॉलिन्स कोबिल्ड आली, तिच्यात व्याख्या पूर्ण वाक्यातच असते: एखाद्या माणसानं अमुक केलं, तर त्यानं तमुक केलं असं म्हणतात. ही शेवटची पद्धत मला सगळ्यात जास्त आवडते, कारण कोण, कुणाला, काय हे सगळं त्या वाक्यातच येऊन जातं. ऑक्सफर्ड, लाँगमन आणि कोबिल्ड, या तिघींपैकी कुठलीही एक घ्या. तिघींच्याही आवृत्त्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात. एकच ठेवा, मात्र तिच्याशी दोस्ती करा.

मराठी अर्थ लिहूच नये का, असंही मुलं विचारतात. जरूर लिहावा, फक्त एका शब्दात लिहू नये. आपली मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे आणि आपण तिचा उपयोगच करत नाही. हाच ‘कमी होणे’ घ्या. आपण काय काय म्हणतो? पाऊस ओसरतो. ताप उतरतो. वारा पडतो. राग निवळतो. गर्दी पांगते. वेदना शमतात. साठा संपत येतो. तुम्ही चुकूनही ‘वारा उतरला’ किंवा ‘ताप पांगला’ म्हणणार नाही. म्हणजे कुठल्या नामाबरोबर कुठलं क्रियापद बसतं ही जाण तुमच्यात पक्की आहे. आता इंग्रजी बाजूला तेच पाहा. वादळ, पूर, आवाज ‘अबेट’ होतो, म्हणजे आपोआप ओसरतो. दुःख, वेदना, दारिद्र्य कुणीतरी ‘अलिव्हिएट’ करतं, म्हणजे ते हलकं होतं, मुळातून गेलं असं नाही. खर्च, अधिकार, दौरा ‘कर्टेल’ होतो, म्हणजे त्याला कात्री लागते. साठा, लोकसंख्या, सभासद ‘ड्विंडल’ होतात, म्हणजे हळूहळू रोडावतात. सगळ्यांसमोर ‘कमी होणे’ लिहिलंत तर चारही शब्द एकाच पोत्यात गेले, आणि ऐन वेळी पोत्यातून ‘रिड्यूस’च हाताला लागणार. ‘ओसरणे’, ‘हलकं करणे’, ‘कात्री लावणे’, ‘रोडावणे’ असं लिहिलंत तर प्रत्येकाला स्वतंत्र खुंटी मिळते.

उलट्या दिशेनंही चालून बघा. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी शब्दकोश पहिल्यांदा 1831 मध्ये निघाला, दुसरी आवृत्ती 1857 ची, आणि तो आता इंटरनेटवर फुकट आहे. त्यात तुम्हाला हाडामांसासकट माहीत असलेला शब्द काढा, ‘ओशाळणे’ किंवा ‘लुडबुड’, आणि एका परक्या माणसानं तो इंग्रजीत कसा पकडलाय ते वाचा. अर्थ तुम्हाला आधीच ठाऊक आहे, त्यामुळे सगळं लक्ष व्याख्येच्या घडणीकडे जातं. त्याची इंग्रजी पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे, ती मेलमध्ये वापरू नका एवढंच.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमची उद्दिष्टं दोन आहेत आणि दोघांचे शब्द वेगळे आहेत.

जीआरईसाठी पूर्वी विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्यांमधलं नातं थेट विचारत, तेव्हा यादी पाठ करण्यात काही अर्थ तरी होता. 2011 मध्ये ते प्रकार काढून टाकले. आता गाळलेल्या जागा भरणं आणि एकाच गाळलेल्या जागी वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन शब्द निवडणं असतं, म्हणजे वाक्याचा कल ओळखून त्यात बसणारा शब्द निवडायचा. तिथे अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांचे आडवे अर्थ जास्त दगा देतात. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणं हे सगळ्यांना येतं, पण विधान क्वालिफाय करणं म्हणजे त्याला अटी घालून ते सौम्य करणं. ‘टेम्पर’ म्हणजे राग, पण क्रियापद म्हणून तीव्रता कमी करणं. ‘चेक’ म्हणजे तपासणं, तसंच आवर घालणं. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी आणि ‘सँक्शन’ म्हणजे निर्बंधही! यात नवल वाटून घेऊ नका, आपल्या ‘उतरणे’कडे पाहा: ताप उतरतो, पाहुणा लॉजवर उतरतो, माणूस कसोटीला उतरतो, निवडणुकीत उतरतो आणि मनातूनही उतरतो. म्हणून डिक्शनरीत क्रमांक एकचा अर्थ वाचून पान उलटू नका. ओळखीच्या शब्दाचा दुसरा-तिसरा अर्थ हे जीआरईच्या दृष्टीनं सगळ्यात स्वस्त आणि मस्त उत्पन्न.

ऑफिसच्या मेलसाठी यातलं फारसं लागत नाही. तिथे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ म्हणजे दुर्मीळ, ही समजूतच सोडून द्या. ‘ऑबफस्केट’ आणि ‘पर्स्पिकेशस’ लिहिणाऱ्यापेक्षा ‘एन्टेल’, ‘प्रिक्लूड’, ‘कन्सीड’, ‘प्लॉझिबल’, ‘आर्बिट्ररी’, ‘वॉरंट’ हे जागच्या जागी वापरणारा माणूस कामाचा वाटतो. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेडनं 2000 साली विद्यापीठीय लेखनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची, म्हणजे एक शब्द आणि त्याची सगळी रूपं अशा गटांची, एक यादी केली, अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट. यादी नको म्हणणारी मी हिचं नाव घेते आहे, कारण ती पाठ करायला नाही, चाळणी म्हणून वापरायची आहे. तुमच्या तीन हजारांतले कुठले शब्द तिच्यात आहेत ते पाहा आणि तेवढे आधी पक्के करा. तुम्ही आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, देणार असतात तर मी वेगळं सांगितलं असतं. तिथे लेखनाचे आणि बोलण्याचे एक चतुर्थांश गुण शब्दसंपत्तीला असतात, आणि नेमकेपणाला अलंकारापेक्षा जास्त किंमत मिळते.

धातू आणि उपसर्ग, ज्याला तुम्ही ‘रूट वर्ड मेथड’ म्हणालात, त्याबद्दल थोडक्यात. मला ती आवडते, पण तिच्यावर विसंबू नका. आपल्याकडे आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे सगळे एकाच ‘हृ’चे. धातूचा अर्थ कळला म्हणून संहार म्हणजे काय हे कुणाला कळतं? तसंच ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणं, हे कळून ‘सर्कमस्पेक्ट’चा अर्थ कळत नाही. मात्र अर्थ कळल्यावर, चारी बाजूंना पाहून पाऊल टाकणारा तो सर्कमस्पेक्ट, सावध, हे चित्र डोक्यातून जात नाही. धातू अर्थ शोधायला कच्चा, लक्षात ठेवायला पक्का.

आता रोजचं काम कसं करायचं ते. शब्द वाचनातून घ्या. ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य सोबत ठेवा, भले ते क्लायंटच्या मेलमधलं असो. डिक्शनरी उघडायच्या आधी आपल्या अंदाजानं व्याख्या लिहा, मराठीत चालेल, चुकली तर उत्तमच. मग डिक्शनरी बघा आणि आपल्या व्याख्येत अतिव्याप्ती झाली की अव्याप्ती, ते शोधून दुरुस्त करा. ही दुरुस्ती करताना जे लक्ष लागतं तेच पुढे लक्षात राहतं. त्यानंतर स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. ‘द किंग वॉज सर्कमस्पेक्ट’ नको, राजाशी आपला काय संबंध! घरमालकाशी बोलताना आई किती सर्कमस्पेक्ट असते, ते लिहा.

दिवसाला चार शब्द, फार तर पाच. कमी वाटतील. आठवड्याचे सहा दिवस धरले तरी पाचाच्या हिशेबानं वर्षाला दीड हजार होतात, आणि दीड हजार शब्द खरोखर हातात असलेला माणूस मी क्वचितच पाहिलाय.

विसरणं होणारच. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकानं 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं गळतं आणि मग गळती मंदावते. म्हणून उजळणी रोज सारखी करायची नसते, अंतर वाढवत न्यायची असते. 1972 मध्ये सेबास्टियन लाइटनरनं त्यासाठी कार्डांच्या खोक्याची पद्धत मांडली. माझ्याकडे त्याची देशी आवृत्ती आहे: मिठाईचा रिकामा खोका, आत पुठ्ठ्याचे चार कप्पे. पहिल्या कप्प्यातलं कार्ड रोज, दुसऱ्यातलं तीन दिवसांनी, तिसऱ्यातलं आठवड्यानं, चौथ्यातलं महिन्यानं. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. हे करणारी अ‍ॅप्सही आहेत, चालतील. फक्त कार्डावर पुढे इंग्रजी शब्द लिहू नका. तुम्हाला शब्द पाहून अर्थ येतोच आहे, अडतंय ते अर्थावरून शब्द आठवायला. म्हणून पुढे प्रसंग लिहायचा, ‘मुंब्र्याच्या खिंडीत पाऊस हळूहळू ओसरला’, आणि मागे ‘अबेट’.

ही एवढी एक उलटापालट मी माझ्या जुन्या वर्गांत बरीच उशिरा केली, आणि त्याचा मला अजून पस्तावा होतो. कितीतरी मुलं अर्थ सांगण्यात पटाईत होऊन गेली, लिहिण्यात मात्र जिथल्या तिथे.

तुमची लोकल. ठाणे ते ऐरोली, मधे एक दिघा गाव, सगळा मिळून दहाएक मिनिटांचा मामला, आणि सकाळच्या गर्दीत रजिस्टर उघडायला कोपर हलवायला तरी जागा असते का? तिथे नवीन शब्द शिकायला जाऊ नका. हाताशी सात-आठ कार्डं, खिशात. तीही काढता आली नाहीत तर डब्यात जे दिसतंय त्याला शब्द शोधा. चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकवून बसलेला माणूस, त्याला ‘प्रिकेरिअस’, म्हणजे डळमळीत, म्हणता येईल का? दारात उभं राहून कुणालाच आत न जाऊ देणारे दोघं ‘ऑब्स्टिनेट’ की ‘इन्कन्सिडरेट’? हट्टी की दुसऱ्याची पर्वा नसलेले? उत्तर एकच असेल असं नाही. पण का, हे मनात सांगता आलं पाहिजे. माझी एक विद्यार्थिनी तुर्भ्याला नोकरीला होती, ती रोज एका सहप्रवाशाला एक विशेषण द्यायची. तीन महिन्यांनी तिनं दिलेली यादी मी वाचली तेव्हा मला ते सगळे लोक ओळखीचे वाटायला लागले.

मित्रांसमोर वापरायला लाज वाटते, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. बोलण्यात घाई करू नका. आधी लिहिण्यात, आठवड्यातून एका मेलमध्ये एक नवा शब्द, तोही पाठवण्यापूर्वी डिक्शनरीच्या उदाहरणातल्या वाक्याशी ताडून. त्यात तसं नाम, तसा प्रत्यय नसेल तर काढून टाका आणि साधा शब्द ठेवा. साधा शब्द ठेवण्यात कमीपणा काही नाही, मीही दिवसभर ‘गुड’च म्हणते.

आणि ती दोन रजिस्टरं रद्दीत घालू नका. रोज कुठलंही पान उघडा, उजवी बाजू आणि खालचा मराठी अर्थ हातानं झाका, आणि एका शब्दाची तुमची व्याख्या कोऱ्या कागदावर लिहा. मग हात काढा. पहिले काही दिवस दोन्हीत बरंच अंतर दिसेल. नमुना म्हणून ‘रिलक्टंट’ घ्या, तुमच्याकडे नक्की असणार आणि समोर ‘नाखूश’ लिहिलेलं असणार. नाखूश माणूस शेवटी ते काम करतो की करत नाही, एवढं उदाहरणांवरून शोधून काढा आणि इथेच खाली तुमची व्याख्या लिहा. मी तपासून देईन.